चार घरांचा करंडक

"दूर देशी दिली लेक, मधे नद्या किती बाई;
निरोपाला वाट आहे..."

आणि इथं आई थांबायची. हावड्याच्या रेल्वे क्वार्टरच्या खिडकीत सूप घेऊन ती तांदूळ निवडायची. बोटं खड्यांशी, गळा ओवीशी. मी तिच्या मांडीला टेकलेली. शेवटचा अर्धा चरण आला की ती नुसती गुणगुणायची आणि ती रिकामी जागा गंगेवरच्या लाँचचा भोंगा भरून काढायचा. मी विचारायचे, "पुढं काय गं?"

"पुढं काय? पुढं वरण."

तीच आई आज सॉल्ट लेकच्या हॉलमध्ये परीक्षकांच्या खुर्चीवर बसून सगळ्या जगाला "छान झालं हो" म्हणत होती, आणि माझं डोकं तापत चाललं होतं.

आमच्या मंडळाचा वार्षिक नाट्यगौरव म्हणजे रुसव्याफुगव्यांचं लग्नघर. कोलकात्यात मराठी घरं ती किती! त्यातलं एक रुसलं की पुढच्या वर्षी एक नाटक कमी, आणि प्रेक्षकांची अख्खी रांग कमी. म्हणून इथं कुणाला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत. कुणाचं तोंड वाकडं दिसलं की एक नवं बक्षीस जन्माला येतं. मागं एकाला 'सर्वोत्कृष्ट पाठांतर' दिलं, तेव्हा त्याचा शेजारी फुगला. त्याला 'सर्वोत्कृष्ट प्रवेश' दिलं. बिचारा प्रवेश करून वाक्य विसरला होता, पण प्रवेश केला होता हे खरं. परीक्षकही आपल्यातलेच, कुणाची आत्या, कुणाचा साडू. मराठी जाणणारा तिऱ्हाईत आणायचा कुठून? यंदा माझी आई.

"आई, मला भूक लागला," शेजारी बसलेली माझी सानिका कुजबुजली.

"लागली."

"तेच. लागली. हे संपणार केव्हा?"

माझी लेक मराठी संवाद बंगाली अक्षरांत लिहून पाठ करते. तरी तिनं माझ्या संगीत नाटकात अशी ओवी म्हटली होती की मला विंगेत उभं राहवलं नव्हतं. नाटक बागबाजारच्या खंदकाचं. मराठ्यांना अडवायला शहरानं खणलेला तो खंदक. फौजेमागून आलेली एक बाई मागं राहते, खंदकाच्या पलीकडच्या बाईशी बोलू लागते, आणि फौज परत फिरते तेव्हा ही जात नाही. शेवटी ती माझ्या आईचीच ओवी म्हणते. राहिलेला अर्धा चरण मी माझा घातला: 'परतीची घाई नाही.' मी इथंच जन्मले. मला कुठली घाई असणार?

प्रयोगाच्या दिवशी आई पहिल्या रांगेत होती. घरी जाताना टॅक्सीत मी वाट पाहिली. विद्यासागर सेतू सरला तेव्हा ती म्हणाली, "छान झालं हो." तेच, जे ती सगळ्यांना म्हणते. मला 'हो'! पोटच्या पोरीला!

तेव्हापासून ते तीन शब्द मला काट्यासारखे सलत होते. बक्षीस नको होतं मला. मला तिचं खरं मत हवं होतं. वाईट असलं तरी.

पण मंचावर गजाननकाका होते. बँकेतून निवृत्त झालेले, मंडळाचे अध्यक्ष. प्रमुख पाहुणे पुलावरच्या गर्दीत अडकल्यामुळे त्यांनी स्वतःच भाषण दोनदा केलं. मग बक्षिसं. वेशभूषा, संगीत, नेपथ्य, 'सर्वोत्कृष्ट सहनशील तबलजी'. सेक्टर फाइव्हच्या आयटी कंपनीतला अभिषेक तोंड पाडून बसला होता, काकांनी ते हेरलं आणि तिथल्या तिथं जाहीर केलं, "आणि खास पुरस्कार, सर्वोत्कृष्ट शांतता!"

"काका, माझ्या नाटकात शांतता नव्हती, माइक बंद पडला होता," अभिषेक खालून ओरडला.

"म्हणूनच सर्वोत्कृष्ट!" हॉल हसला. अभिषेकही हसत उठला.

"आता सर्वोत्कृष्ट नाटक." काकांनी चांदीचा करंडक उचलला. "परीक्षकांनी फार विचार केला. चारही नाटकं सर्वोत्कृष्ट ठरली आहेत!"

टाळ्या. करंडक मात्र एकच.

"तर तो प्रत्येक घरी तीन-तीन महिने राहील. पहिली पाळी, आमची कालिंदी!"

मी चढले. करंडक हातात आला, थंडगार, आणि माझं डोकं तडकलं. तीन महिने माझ्याकडे, मग अभिषेककडे, मग आणखी कुणाकडे. जणू पाहुणी आलेली मावशी.

"काका, हा राहू दे," मी करंडक टेबलावर ठेवला. "मला परीक्षकांना एक विचारायचंय."

"अगं, पाहुणे येतील आता—"

"येऊ देत." मी माइक आईकडे नेला. "आई, नाटक कसं झालं?"

"सांगितलं की. छान—"

"छान झालं म्हणू नकोस! सहनशील तबलजीलाही तेच म्हणालीस."

हॉलमध्ये खसखस पिकली आणि विरली. आईनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. ती माइककडे नाही, माझ्याकडे बघत होती.

"दुसरा अंक लांबला," ती म्हणाली. "फौज निघते तेव्हाच नाटक संपायला हवं होतं. तू पुढं रडारड घातलीस."

"बरं."

"पोरगी फार सुरेख गायली. तुझ्यापेक्षा."

सानिका खालून "आजी!" म्हणून ओरडली.

"आणि ओवीचा शेवट..." आई थबकली. तीच जुनी जागा. फक्त भोंगा नव्हता. "तो तुझा आहे. तुझ्यासाठी खरा असेल. मला घरी निघताना तो बोचला. कारण माझ्या ओवीचा शेवट तो नव्हे."

"मग काय होता? मी लहानपणापासून विचारतेय."

"तू मांडीशी असायचीस गं. हावड्याला आले त्याच वर्षी माझी आई गेली, आणि मला ते महिन्यानं कळलं. मांडीवरच्या पोरीपुढं ते कसं म्हणायचं?"

गजाननकाका करंडक छातीशी धरून उभे राहिले होते. आईनं माझ्या हातातला माइक बाजूला सारला, आणि सूप मांडीवर असल्यासारखे हात धरून, थकलेल्या पण स्वच्छ गळ्यानं म्हटलं:

"निरोपाला वाट आहे,
माहेराला आई नाही."