दारात कोणी नाही

गुरुवारी दुपारी चार वाजून बारा मिनिटांनी जॉर्डनमधल्या सल्त गावातल्या एका घराची बेल दाबली गेली. घरात काहीच वाजलं नाही. चार चौदाला ती पुन्हा दाबली गेली आणि चार सतराला तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी दारावरच्या स्पीकरमधून घरमालकाचा आवाज आला. तो ऐकून बेल दाबणारा माणूस गल्लीच्या एकशे चार पायऱ्या उतरून खाली उभ्या असलेल्या गाडीत जाऊन बसला.

घरमालकाचं नाव मुंझिर. वय चौसष्ट, टेलिफोन खात्यातून निवृत्त. बेल दाबणारा त्याचा थोरला भाऊ फव्वाझ, वय एकाहत्तर. दोघं नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. रविवारी अम्मानच्या एका इस्पितळात फव्वाझच्या हृदयावर शस्त्रक्रिया ठरली होती आणि डॉक्टरांनी त्याच्या मुलाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की ज्यांना भेटायचं असेल त्यांना आधीच भेटून घेऊ द्या. मुंझिरला हे सगळं बाजारात कळलं होतं. आपण जावं की थोरल्यानं बोलावण्याची वाट पाहावी, याचा तो आठवडाभर विचार करत होता. विचार संपायच्या आत फव्वाझच आला.

भांडण कॉफीवरून झालं होतं. नऊ वर्षांपूर्वी फव्वाझ आपल्या मुलासाठी, गैससाठी, मुंझिरच्या मुलीला, लुबनाला, मागणी घालायला गावातली अकरा वडीलधारी माणसं घेऊन आला. रिवाजाप्रमाणे त्यानं कॉफीचा पेला हातात घेतला आणि न पिता समोर ठेवला. आता यजमानानं म्हणायचं असतं, "कॉफी घ्या, तुमचं काम झालं." मुंझिर गप्प बसला. लुबनानं त्याला चार दिवस आधीच सांगितलं होतं, की गैसशी लग्न करणार नाही. बाप म्हणून तो तिच्या बाजूनं उभा राहिला, ते ठीकच होतं. पण हे भावाला आधी कानात सांगायला हवं होतं, म्हणजे अकरा माणसं जिना चढलीच नसती. मुंझिरनं चार दिवस फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. कॉफी गार झाली. फव्वाझ उठला, त्याच्यामागे अकरा जण उठले. दारातून बाहेर पडताना तो म्हणाला, "टेलिफोन खात्यात तीस वर्षं काढलीस, आणि एक फोन जमला नाही तुला."

लुबना आता इरबिदला संसार करते. गैसला दोन मुलं आहेत. भाऊ तेवढे तिथेच राहिले, समोरासमोरच्या दोन टेकड्यांवर.

बेल मुंझिरनं मागच्या वसंतात घरीच बनवली. त्याचं घर सार्वजनिक पायऱ्यांना लागून आहे. जाता येता कोणीही बटण दाबायचं. दुपारी शाळा सुटली की मुलं दाबून पळायची. बाजारात तयार बेल मिळते, पण ती घेणं त्याला कमीपणाचं वाटलं. त्यानं पत्त्याच्या पानाएवढा एक संगणक आणला, एक कॅमेरा, एक स्पीकर. दारावरचा पितळी कडीठोका काढून त्याच्या भोकात कॅमेरा बसवला. तारांना डाग देणं हातचा मळ होता. प्रोग्राम लिहायला तो तीन महिने व्हिडिओ बघून शिकला. बायको, इतिदाल, त्याला अबू लुबना, म्हणजे लुबनाचे वडील, म्हणायची आणि येता जाता टोमणे मारायची.

"अबू लुबना, अहो, पाहुणा दारात म्हातारा होईल तुमची बेल वाजेपर्यंत."

"चार सेकंद लागतात. फक्त चार."

"चार सेकंदांत माझी आई दारातल्या माणसाचं अख्खं घराणं सांगून मोकळी व्हायची."

नियम त्यानं असा बसवला होता. बटण दाबलं की कॅमेऱ्यानं चार सेकंद पाहायचं. समोर चेहरा दिसला तर घरात बेल वाजवायची आणि फोनवर फोटो पाठवायचा. चेहरा दिसला नाही तर कोणी खोडी काढून पळालं असं धरायचं. बेल वाजवायची नाही, फोटो नुसता नोंदीत ठेवायचा आणि फोनवर फक्त एक ओळ पाठवायची : दारात कोणी नाही. दहा मिनिटांत असं तीनदा झालं, तर स्पीकरवर त्याच्याच आवाजातला निरोप लावायचा. तो त्यानं तीन मे रोजी स्वयंपाकघरात उभं राहून भरला होता :

"कोण आहे रे? माणसासारखं समोर उभं राहायला बापानं शिकवलं नाही का? चल, उतर खाली. पुन्हा या दाराला हात लावू नकोस."

इतिदाल तेव्हा हसली होती. मुलांनाही तो फार आवडला. निरोप ऐकायला मिळावा म्हणून ती मोजून तीनदा बटण दाबू लागली. दिवसाला वीस-वीस वेळा फोनवर तीच ओळ यायची. ऑगस्टपासून मुंझिरनं ती वाचणं सोडून दिलं; अंगठ्यानं बाजूला सारायची, बस्स.

बेल त्यानं चाळीसेकदा तपासून पाहिली होती. दर वेळी दारासमोर ताठ उभं राहून, कॅमेऱ्याकडे बघत. स्वतःच्या दारात माणूस तसाच उभा राहतो. परक्या दारात सल्तमधला जुन्या वळणाचा पाहुणा तसा उभा राहत नाही. बेल दाबायची, उजवीकडे सरकायचं आणि दाराकडे पाठ करायची, म्हणजे दार उघडलं तर आतल्या बायकामाणसांवर नजर पडत नाही. तीनदा विचारायचं. तिसऱ्यांदाही ओ आली नाही तर परत फिरायचं, मनात काही न धरता. दार मुठीनं ठोकायचं नाही; ते पोलिसांचं काम. मुंझिर आणि फव्वाझचे वडील शिंपी होते, आणि हे सगळं त्यांनी दोघांना गजाच्या पट्टीनं शिकवलं होतं. चुकलं की पोटरीवर एक. पट्टीचे जास्त फटके धाकट्याला बसले होते.

इतर पाहुण्यांचं काय, असं कोणीही विचारील. नातेवाईक आधी फोन करून येत आणि मुंझिर दार उघडून उभाच असे. गॅसवाला, वीजवाला समोरच उभे राहत. न कळवता, वडिलांनी शिकवलेल्या पद्धतीनं आलेला पाहुणा सहा महिन्यांत हा पहिलाच.

त्या वेळी मुंझिर मागच्या अंगणात ऑलिव्ह ठेचत होता. मोसमातली पहिली पाटी होती. इतिदाल शेजारी गेली होती. फोन बाजूच्या स्टुलावर होता. तीनदा ओळ आली, तीनदा त्यानं ओल्या अंगठ्यानं ती सारली. ठेचण्याच्या आवाजात दारावरचा स्पीकर ऐकू येणं शक्य नव्हतं.

पाच वाजून पाच मिनिटांनी इतिदाल परतली. तिच्या हातात मिठाईच्या दुकानाचा खोका होता.

"हे पायरीवर कोणी ठेवलं? क्नाफा आहे. पाक अजून कोमट आहे."

"मुलांनी ठेवला असेल."

"मुलं दोन किलो क्नाफा ठेवून जातात? तुमच्या आवाजावर खूश होऊन?"

मुंझिरनं हात पुसले आणि नोंदी उघडल्या. चार बाराचा फोटो : मोकळा जिना, समोरची भिंत. चार चौदाचा : तोच जिना, पण उजव्या कडेला कापडाची एक तपकिरी पट्टी. चार सतराचा : कोपरापासूनची बाही, खांद्यावरून उतरलेला झगा, त्याच्या काठावर सोनेरी दोऱ्याची दुहेरी वीण. इतिदालनं फोन हातातून घेतला, फोटो मोठा केला आणि परत दिला.

"मामंजींचा झगा आहे हा," ती म्हणाली.

ती वीण वडिलांच्या हातची होती. झगा थोरल्याकडे गेला होता आणि तो फक्त ईदला आणि सलोख्याच्या बैठकीला अंगावर घालत असे.

मुंझिरनं तीनही फोटो पुन्हा एकदा ओळीनं पाहिले. मग म्हणाला, "बाजूला उभा राहिला तो. कॅमेऱ्यात आलाच नाही."

"मग कुठे उभा राहणार होता? समोर उभं राहून माझ्या स्वयंपाकघरात बघणार होता?"

"माझ्या लक्षात नाही आलं."

"आणि तीन? तीन का लिहिलंत? चार लिहायचं, दहा लिहायचं."

"दोनदा चुकून होऊ शकतं. तिसऱ्यांदा खोडीच असते."

"तिसऱ्यांदा पाहुणा असतो, अबू लुबना."

पाच चाळीसला त्यानं फव्वाझला फोन केला. नंबर नऊ वर्षं बदललेला नव्हता. उचलला गैसनं.

"बोला काका."

"भाऊ कुठे आहे?"

"पडलेत. तुमच्या पायऱ्या चढले ना. चार ठिकाणी बसून चढले. मी म्हटलं, मी येतो हात धरायला, तर म्हणाले, तू गाडीत थांब, त्या दारात तुला पुन्हा उभा करणार नाही."

"गैस, ऐक माझं. ते मी बोललो नाही. ते मशीन होतं."

"आवाज तुमचा होता."

"आवाज माझा, पण भरून ठेवलेला. मुलांसाठी. पोरं त्रास देतात इथे, विचार कोणालाही."

"काका, बाबा गाडीत बसले आणि एकच वाक्य बोलले. सांगू? म्हणाले, 'त्यानं माझा बाप काढला. आमचा बाप एकच आहे, तेही विसरला.'"

"मी आत्ता येतो."

"नका येऊ. डॉक्टर म्हणालेत, रविवारपर्यंत त्यांना कसलाही ताण नको. आज एकदा झालं तेवढं पुरे."

मुंझिर त्या संध्याकाळी गेला नाही. त्यानं पुरावा गोळा केला. तीनही फोटो, वेळांच्या नोंदी, आणि निरोपाची मूळ फाइल, जिच्यावर तीन मे ही तारीख होती, असं सगळं त्यानं गैसला पाठवलं. खाली लिहिलं : "तारीख बघ. मी हे आज बोललेलो नाही." इतिदाल म्हणत होती, कागदपत्रं नका पाठवू, स्वतः जा, दारात बसून राहा, हाकललं तरी बसा. तो म्हणाला, आधी त्यांना कळू दे की चूक तांत्रिक होती. मग जाणं सोपं होईल.

गैसचं उत्तर सव्वानऊला आलं. "म्हणजे सहा महिन्यांपासून तयार ठेवलं होतं."

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाल्यावर मुंझिर समोरच्या टेकडीवर गेला. फव्वाझच्या घराला कुलूप होतं. किराणावाल्यानं सांगितलं, सकाळीच सगळे अम्मानला गेले, इस्पितळात दोन दिवस आधी भरती केलंय. मग त्यानं विचारलं, "खरंय का हो, तुम्ही भावाला दारातून हाकललंत?" मुंझिरनं त्याला कॅमेऱ्याचं समजावून सांगितलं. किराणावाल्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरं." संध्याकाळपर्यंत गोष्ट दोन्ही टेकड्यांवर पोचली होती, आणि तिच्यात कॅमेरा नव्हता.

शनिवारी सकाळी त्यानं निरोप पुसून टाकला आणि प्रोग्राम बदलला. आता बटण दाबलं की लगेच बेल वाजते, चेहरा असो वा नसो. त्यानं बाहेर जाऊन, उजवीकडे सरकून, दाराकडे पाठ करून बटण दाबून पाहिलं. आत बेल वाजली. इतिदालनं दार उघडलं.

"वाजली का?"

"वाजली," ती म्हणाली. "आता कोण यायचं राहिलंय?" आणि ती आत गेली. क्नाफ्याचा खोका तिनं पुन्हा ना उघडला होता, ना टाकला होता. फ्रिजच्या वरच्या कप्प्यात तसाच होता.

रविवारी दोघं सहाच्या बसनं अम्मानला गेले. वरच्या मजल्यावर जायला रुग्णाच्या घरच्यांनी दिलेल्या यादीत नाव लागत होतं. पहारेकऱ्यानं यादी बघितली.

"नाव?"

"मुंझिर. भाऊ आहे मी."

"इथे बायको, दोन मुलगे, एक मुलगी. भाऊ नाही."

"सख्खा भाऊ आहे."

"काका, सख्खा असेल तर फोन करा वर. खाली येऊन सांगू देत मला, लगेच सोडतो. माझं काय जातंय?"

मुंझिरनं गैसला फोन केला. तीनदा केला. फोन बंद नव्हता, पण कोणी उचलला नाही. दोघं तळमजल्यावरच्या बाकावर बसून राहिले.

अकरा वाजता गैस पाण्याच्या बाटल्या घ्यायला खाली आला. त्यानं त्यांना पाहिलं, थांबला आणि दोन पावलं अंतर ठेवून उभा राहिला. इतिदाल उठून त्याच्याजवळ गेली. त्यानं वडीलधाऱ्यांना मान देताना करतात तसं तिच्या डोक्याचं चुंबन घेतलं. काकाकडे तो वळला नाही.

"किती वाजता नेलं?" मुंझिरनं विचारलं.

"नऊ वीसला."

"तू सांगितलंस का त्याला? मशीनचं?"

"सांगितलं. आज सकाळीच. फोटोही दाखवले."

"मग?"

"फोटो बघितला. झग्याचा. बराच वेळ बघितला."

"काही बोलला?"

"ओठ हलले. पण तेव्हा गुंगीचं औषध दिलं होतं, आणि नर्स गाडी ढकलत होती. मी चालत होतो बाजूनं. ऐकू नाही आलं काका."

"काहीच नाही?"

"मी खोटं कशाला सांगू? चांगलं बोलले असतील, वाईट बोलले असतील. मला ऐकू नाही आलं."

तो बाटल्या घेऊन वर गेला. पहारेकऱ्याशी तो क्षणभर थांबून बोलला; काय बोलला ते बाकापर्यंत पोचलं नाही. पहारेकऱ्यानं यादीवर काही लिहिलं नाही.

शस्त्रक्रिया चार तासांत संपेल, असं डॉक्टर म्हणाले होते. दोन वाजून दहा मिनिटांनी ती चालूच होती.