नेउझाचा कातळ

माझी बायको नेउझा गेल्याच्या सातव्या दिवशी चर्चमध्ये तिच्यासाठी मिस्सा, म्हणजे प्रार्थना होती. मिस्सा झाल्यावर लोक घरी येणार, त्यांच्या हातावर काही गोड ठेवायला हवं. गावात कुणाचाही सातवा असला की नेउझा तांबड्या शेवाळाच्या वड्या करून न्यायची. ते शेवाळ नारळाच्या दुधात उकळून गार केलं की खरवसासारखं घट्ट बसतं. तिच्या सातव्याला त्याच वड्या हव्यात, असं मला वाटलं.

माझा जन्म होडीवर गेला. शेवाळ काढणं आमच्याकडे बायकांचं काम. पण कुठलं कुठे वाढतं एवढं मला ठाऊक होतं. किनाऱ्यालगत हिरवं, पालेभाजीसारखं. पुढे कमरेएवढ्या पाण्यात तपकिरी, फुगीर मण्यांचं. आणि शेवटच्या कातळावर, जो फक्त पुनव-अवसेच्या मोठ्या ओहोटीला उघडा पडतो, तिथे तांबडं. आधी ते सगळ्या खडकांवर असायचं. आता तो एकच कातळ उरला होता.

आदल्या दिवशी पुनव होती. मी गेलो, दोन्ही हातांनी उपटलं आणि टोपली भरून आणली.

शेजारची ओडेट वडी खात म्हणाली, "नोनातो, आजवर कॉफी तरी करता येत होती का रे तुला? आणि ही वडी! अगदी नेउझाच्या हातची."

त्या आठवड्यात मला तेवढंच बरं वाटलं.

तीन महिन्यांनी विद्यापीठातल्या इरासीबाई आल्या. आमच्या किनाऱ्यावर कुठे कुठलं शेवाळ आहे याची त्या दर तीन वर्षांनी मोजणी करतात. बरोबर नेउझा असायची. त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. त्यावर तांबडं शेवाळ दाबून वाळवलेलं, खाली गोळा करणारी म्हणून नेउझाचं नाव.

"अख्खा किनारा पालथा घातला, भाऊ. तांबडं कुठेच नाही. आता भिस्त ताईंच्या कातळावर."

मोठ्या ओहोटीला आम्ही गेलो. कातळ बोडका होता. बाई गुडघ्यांवर बसून बोटांनी चाचपत राहिल्या.

"इथलं कुणी काढलं?"

"मी. सातव्याला."

"कापलंत ना?"

"उपटलं."

त्या म्हणाल्या, "ताई बोटभर बूड ठेवून सुरीने कापायच्या. बूड राहिलं तरच पुन्हा फुटतं."

दाराजवळच्या खिळ्याला तिची एक छोटी सुरी असायची, फडक्यात गुंडाळलेली. नेउझा गेल्यापासून मी त्या सुरीने गळाचं आमिष कापत होतो. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात ती सुरी कशासाठी, हे मी कधी विचारलं नव्हतं.

ओडेटला सांगितलं तर ती भडकली. "अरे, मी शेजारीच राहते ना? एका शब्दाने विचारायचंस! नुसती टोपली उचलून निघालास!" मग स्वतःच रडायला लागली.

निघताना इरासीबाईंनी वहीत लिहिलं, 'तांबडे: आढळले नाही.'

मी म्हणालो, "पुढे लिहा, तिच्या नवऱ्याने उपटलं."

त्यांनी लिहिलं नाही. वही मिटली.

आता त्या सुरीने मी आमिष कापत नाही. दर मोठ्या ओहोटीला ती कमरेला खोचून शेवटच्या कातळावर जातो, बाईंसारखाच चाचपून बघतो. बोटांना अजून नुसता दगड लागतो.