सहाव्या पायरीवरचा साडू

सासऱ्यांच्या तोंडातले वरचे चार दात धाकट्या जावयाने बनवलेले होते आणि नाकावरचा चष्मा थोरल्याने. दोन्ही फुकट. पण जेवायला बसले की सासरे म्हणत, "चष्मा असा, की घातलाय हे कळतसुद्धा नाही. दात मात्र टोचतात." पाहुणे असले तर हमखास म्हणत.

धाकटा जावई दातांच्या लॅबमध्ये कारागीर होता, म्हणून घरात त्याला दातवाला म्हणत. त्याच्या साडूचं चष्म्यांचं दुकान होतं, तो चष्मेवाला. दातवाल्याचं म्हणणं असं, की सासऱ्यांचा ब्रिज, म्हणजे ते चार जोडलेले दात, लॅबच्या जुन्या भट्टीत भाजला, तिची उष्णता सगळीकडे सारखी नसते, त्यामुळे सिरॅमिकची एक कड किंचित वाकली. हे त्याने सासऱ्यांना समजावूनही सांगितलं होतं.

"आता भट्टीला नावं ठेवा," सासरे म्हणाले.

म्हणून त्याला स्वतःची भट्टी हवी होती. दुसरी एक लॅब चालवणाऱ्या वयस्कर बाई काम बंद करणार होत्या. त्यांची भट्टी नीट राखलेली होती आणि "वर्षअखेरपर्यंत तुझ्यासाठी ठेवते," असा शब्द त्यांनी दिला होता. नवराबायकोने पैसे जमवत आणले होते. भट्टी आली की नोकरी सोडायची आणि घराच्या मागच्या खोलीत स्वतःचं काम सुरू करायचं, असं ठरलं होतं.

मग एका रविवारी चष्मेवाला एक नवी बॅग घेऊन सासऱ्यांकडे आला.

चाकांची, गडद निळी, कोपऱ्यात पितळी बिल्ला आणि बिल्ल्यावर कोरलेल्या पाच पायऱ्या. दुपारच्या जेवणापुरता आला होता, तरी बॅग आणली होती. दातवाल्याने ती वाटेतून बाजूला करण्याच्या निमित्ताने उचलून पाहिली. आत फार तर एक टॉवेल असावा.

"विकत नाही मिळत ही," चष्मेवाल्याची बायको, थोरली, म्हणाली. "ह्यांना क्रिप्टोच्या एक्स्चेंजने पाठवली. पाचव्या पायरीच्या गिऱ्हाइकांनाच देतात."

"पायरी म्हणजे?" सासऱ्यांनी चष्मा सारखा केला.

"नाणी घ्यायची, विकायची, बाबा," चष्मेवाला म्हणाला. "दर व्यवहाराला एक्स्चेंज थोडी फी घेतं आणि त्या फीवर पॉइंट देतं. पॉइंट साठले की पायरी वाढते."

"बसल्या जागी चढायचं! बघा जावईबापू, शिका काहीतरी."

हे दातवाल्याला उद्देशून होतं. त्याची बायको लगेच म्हणाली, "बाबा, आमच्याकडे बॅगा दोन आहेत. जायलाच कुठे मिळत नाही." सगळे हसले. दातवाला बिल्ल्याकडे बघत होता.

निघताना दारात त्याने साडूला विचारलं, "ह्यात शिरायचं कसं?"

चष्मेवाला जरा अडखळला. "बघा, जपून हं. त्यात तसं म्हटलं तर..."

ह्याला तिथे मी नकोय, असा दातवाल्याने अर्थ लावला. "कोड असतो ना तुमचा, नव्या माणसाला आणायचा? तो द्या," तो म्हणाला. तेवढ्यात थोरली चपला शोधत आली आणि चष्मेवाल्याने मुकाट्याने कोड दिला.

भट्टीचे पैसे एक्स्चेंजच्या ॲपमध्ये गेले. थोड्या दिवसांपुरते, असं दातवाल्याने स्वतःशी ठरवलं. लॅबमध्ये भट्टी तापेपर्यंत नुसतं बसून राहावं लागतं. त्या वेळात तो नाणी घ्यायचा, भाव किंचित हलला की विकायचा, पुन्हा घ्यायचा. लबाडी त्याने केली नाही. शेजारच्या टेबलावरच्या कारागिराने सुचवलं होतं, "दोन खाती काढ आणि स्वतःलाच विकत बस. पॉइंटच हवेत ना?" एक्स्चेंजच्या नियमात ते बसत नव्हतं, आणि दातवाल्यालाही ते नको होतं. साडूने खरी बॅग मिळवली होती. ह्यालाही खरीच हवी होती.

ॲपमध्ये 'मित्र' नावाचा एक कोपरा होता. तिथे एकच नाव होतं, चष्मेवाल्याचं, आणि पुढे त्याचे पॉइंट. दातवाल्याने सकाळभर घेतलं-विकलं की तो तिकडे डोकावायचा. चष्मेवाल्याचा आकडाही वर गेलेला असायचा. एके दिवशी लॅबमध्ये काम तुंबलं आणि ह्याला एकही व्यवहार जमला नाही, तर त्या दिवशी तोही थांबलेला. 'बघतोय माझ्याकडे,' दातवाला मनात म्हणाला. 'मी धावलो की धावतो.' आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट व्यवहार केले. साडूनेही पुढे पाऊल टाकलंच.

एकदा तो मुद्दाम चष्म्याच्या दुकानावरून गेला. चष्मेवाला एका म्हातारीच्या फ्रेमची दांडी गरम करून वाकवत होता. तिच्या कानामागे लावून बघत होता, काढत होता, पुन्हा वाकवत होता. फोन काउंटरच्या पार दुसऱ्या टोकाला पालथा पडलेला. 'लपवून करतो,' दातवाल्याने ठरवलं आणि सायकल पुढे काढली.

नाण्याचा भाव फिरून फिरून होता तिथेच येत होता. फी मात्र दर खेपेला जात होती. एकेक फी इतकी लहान, की तिचं काही वाटू नये.

"भट्टीच्या पैशांचं काय झालं?" बायकोने विचारलं. "बाईंचा दोनदा फोन आला."

"आहेत. कामाला लागलेत."

"ते कुठे? मला तर तुम्हीच कामाला लागलेले दिसता."

अखेर बॅग आली. गडद निळी, पितळी बिल्ला, पाच पायऱ्या. दातवाल्याने ती खोलीभर चालवून पाहिली. मग ॲप उघडलं. शिल्लक निम्म्यावर आली होती. त्याने ती पाहिली आणि पुढच्याच क्षणी 'मित्र' उघडलं. चष्मेवाला सहाव्या पायरीवर होता.

पुढच्या रविवारी सासऱ्यांकडे जाताना त्याने बॅगेत वजनाला जुनी वर्तमानपत्रं भरली. ओसरीत दोन्ही बॅगा शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. पण त्यांच्याकडे कुणी पाहिलंच नाही. सगळे चष्मेवाल्याच्या मनगटावर वाकले होते.

"सहाव्या पायरीचं घड्याळ," थोरली सांगत होती. "परवाच आलं."

सासरे धाकट्याला म्हणाले, "तुम्हीही आणलीत का बॅग? छान. पण आमचे थोरले पुढेच बुवा."

जेवण होताच दातवाल्याने साडूला मागच्या गॅलरीत गाठलं. तिथे चादरी वाळत होत्या.

"एवढं कधी करता तुम्ही? दुकान सांभाळून?"

"काय?"

"व्यवहार! रोज आकडा वाढतो तुमचा. मी काय आंधळा आहे?"

चष्मेवाल्याने गॅलरीचं दार ओढून घेतलं. "मी कधीच बंद केलं. ती बॅग आली त्याच दिवशी. किती फी गेली ते सहज बघितलं, तर त्यात काच कापायचं नवं मशीन आलं असतं. त्यानंतर एक नाणं घेतलं नाही की विकलं नाही."

"मग सहावी पायरी?"

"तुमची आहे ती."

"माझी? मी पाचवीवर आहे."

"माझ्या कोडने आलात ना तुम्ही," चष्मेवाला म्हणाला. "तुमच्या दर फीतला हिस्सा मला येतो. पॉइंटही येतात, पैसेही येतात. कोड टाकतो तिथे खालीच लिहिलेलं असतं."

तिथे दातवाल्याने फक्त साडूची पायरी वाचली होती.

"सांगितलं का नाही?"

"दारात सांगतच होतो. तुम्ही म्हणालात, कोड द्या."

"आणि नंतर?"

चष्मेवाल्याने घड्याळ बाहीखाली सरकवलं. "नंतर बाबा फोन करायला लागले. आता कितवी पायरी, म्हणून. दुकान कसं चाललंय हे त्यांनी इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं."

दातवाल्याच्या डोक्यात दोनच गोष्टी होत्या. भट्टी गेली. आणि ते घड्याळ चुकीच्या मनगटावर आहे.

चादरीमागून त्याची बायको बाहेर आली. हातात चिमट्यांची टोपली होती आणि तिने सगळं ऐकलंय हे चेहऱ्यावरून दिसत होतं.

"किती उरलेत?" तिने नवऱ्याला विचारलं. त्याने सांगितलं. तिने टोपली खाली ठेवली. मग म्हणाली, "भावोजी, तो हिस्सा तुम्ही खर्च केलात?"

"हात लावलेला नाही."

"मग उद्या काढा आणि आम्हाला द्या."

"मला ह्यांचे पैसे नकोत," दातवाला म्हणाला.

"ह्यांचे कुठले? तुमचेच आहेत. जरा गावाला जाऊन आले, इतकंच. बॅग घेऊन."

चष्मेवाला हसला आणि पटकन थांबला.

हिस्सा आला, तरी थोडं कमी पडलं. तेवढं बाईंनी हप्त्याने घ्यायचं कबूल केलं. थोरल्याने धाकट्याला पैसे दिले, एवढंच सासऱ्यांच्या कानावर गेलं. दातवाल्याने ॲपमधलं होतं नव्हतं ते काढून घेतलं. 'आपली पायरी जाईल,' असा इशारा आला, तो त्याने मान्य केला. आता साडूचा आकडा हलणार नाही, ह्या विचाराने त्याला झोप चांगली लागली.

भट्टी मागच्या खोलीत बसली. नोकरी एवढ्यात सोडता येणार नव्हती, हप्ते होते. पण भट्टीत पहिलं काम भाजलं ते सासऱ्यांच्या चार दातांचं. कड सरळ आली. त्याने ती भिंगाखाली चारही बाजूंनी पाहिली.

त्या रविवारी सासऱ्यांचे एक जुने स्नेही जेवायला होते. सासऱ्यांनी पहिला घास चावला, दुसरा चावला. दातवाला स्वतःचं ताट सोडून त्यांच्या जबड्याकडे बघत होता.

"टोचत नाहीत," सासरे म्हणाले. मग स्नेह्यांकडे वळले. "टोचतील कसे? आमच्या थोरल्यांनी भट्टी घेऊन दिली ह्यांना."

"बाबा, तसं नाहीये..." चष्मेवाल्याने तोंड उघडलं आणि साडूकडे पाहिलं. कसं आहे ते सांगायचं, तर बाकीचे पैसे कुठे गेले तेही सांगावं लागणार होतं. दातवाल्याने पाण्याचा पेला उचलला आणि तोंडाला लावला. त्याची बायको भात वाढत होती. तिने त्याच्या ताटात जरा जास्तच वाढला.

"मोठं मन आहे हो," स्नेही म्हणाले.

"आहेच," सासरे म्हणाले.

समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं, चालू होतं. तरी सासरे थोरल्याकडे वाकले आणि त्यांनी विचारलं, "किती वाजले हो?"