पाच घोड्यांचा डोंगा

मोर्शीकडच्या धरणावर आमचा एकच डोंगा. माझ्या मालकांनी, देवमनच्या बाबांनी, बावीस वर्षांपूर्वी सागाचा बांधला. ते गेले, डोंगा राहिला, अन् त्याच्यावरच घर चालते. म्हणून पोरगा देवमन त्याले इंजिन लावतो म्हणला तेव्हा मी बजावलं, "लाव. पण मागची फळी फुटली तर वल्ह्यानं हाकलीन तुले."

त्याले पाहिजे होतं पंधरा घोड्यांच्या ताकदीचं. पलीकडच्या गावच्या पोरांजवळ तेवढंच हाय म्हणे. मी म्हणलं, "दोन घोडे लय झाले."

अकोल्याच्या जुन्या शहरातून किशोर मिस्त्री टेम्पोत तीन इंजिनं घेऊन आला. दोनचं, पाचचं, पंधराचं.

"थांबा," मी म्हणलं. "मोठ्याचं वजन किती?"

"पन्नासेक किलो, मावशी."

"मंग तेवढी तर मीच हाओ." अन् इंजिन टांगतात त्या मागच्या फळीवर मी जाऊन बसली. देवमनले बाजूले बसवलं, मधात ओल्या जाळ्यांचा ढीग टाकला. आमच्या भोई लोकांत डोंगा असाच पाहतात. सारं ओझं भरून काठ पाण्याच्या वर वीतभर कोरडा राहिला पाहिजे. सून ज्योत्स्नानं वाकून वीत लावली.

"वीत कुठची! चारच बोटं हायेत."

तेवढ्यात एक लाट आत आली अन् देवमनची पॅन्ट भिजली.

"हे तर उभ्या डोंग्यात," किशोर म्हणला. "पंधराचा जोर लागला तर ही जुनी फळी उखडूनच जाईन."

मी मान ताठ केली. "लावा आता दोनचं."

लावलं. मी पुढे बसली. दुपारचा वारा सुटला होता. इंजिन बोंबलून राहिलं, पण काठावरची बाभूळ जिथल्या तिथंच. ज्योत्स्नानं आवाज दिला, "चहा मांडू का? तुमी तर इथंच हाव!"

देवमन हसून राहिला. मले मात्र वल्हं हाती घ्यावं लागलं. मारता मारता वाटलं, असा वारा असला अन् हे पोरगं एकटंच धरणाच्या मधात अडकलं तर? मोठं इंजिन डोंगा फोडीन, अन् हे लहानगं पोराले घरी आणणार नाही.

"किशोर, पाचवालं लाव," मी म्हणलं. "मागच्या फळीले आतून दुसरी सागाची फळी ठोक. पेट्रोलची टाकी पुढे ठेव, मागं वजन नको."

"मावशी, मी हेच सांगणार होतो."

"मंग लवकर सांगाचं नं! हात दुखले माझे."

फळी ठोकून, पाचचं लावून दिवस बुडायच्या आत आम्ही त्याच वाऱ्यात पलीकडे जाऊन जाळं काढलं. टोपलंभर रोहू अन् दोन कतला घेऊन आलो. उतरल्यावर मी फळी अंगठ्यानं दाबून पाहिली. हलली नाही.

शेजारची सत्यभामा काठावर उभी होती. "पाचचं कोणं ठरवलं वो?"

"मीनं."

ज्योत्स्नानं हसू दाबाले तोंडावर पदर धरला. देवमननं इंजिन काढून खांद्यावर घेतलं अन् शीळ घालत घराकडे निघाला.