बिब्बा उततो तेव्हा

प्रज्वल आला तेव्हा रंजीताने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि मनातलं काही चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

मानोरा गावाजवळच्या त्यांच्या तांड्यावर तो मागच्या हिवाळ्यातही आला होता. आदिमानवासारखं जंगलात जगून दाखवायचे व्हिडिओ तो करायचा. रंजीताच्या याडीने, म्हणजे आई नानीबाईने, त्याला तीन दिवस सगळं शिकवलं: लाकडावर लाकूड घासून विस्तव कसा पाडायचा, कोणता कंद खायचा, कोणता दगड फोडला की धार येते. व्हिडिओत मात्र हे सारं प्रज्वलने स्वतःच शोधलेलं. नानीबाईचे फक्त हात दिसले, बिब्बे फोडून आतला गर, गोडंबी, काढता काढता काळे पडलेले, सोललेले. खाली लिहिलं होतं, 'जंगली बाईचे हात'. लोक पोट धरून हसले. तेव्हापासून नानीबाई बाजारात हात पदराखाली धरून चालायची.

"याडीले बरं नाही," रंजीता म्हणाली. "मी येतो तुमच्यासंगं."

"चाल. आज लाइव्ह हाये. जंगलात भेटन तेच खाऊ."

बिब्ब्याच्या झाडाखाली बसून प्रज्वल अर्धा तास लाकूड घासत राहिला. धूर निघाला, विस्तव पडेना. 'भाऊ, माचिस पाठवू का?' असं कुणीतरी लिहिलं. ते वाचून त्याचे कान लाल झाले. त्याने खाली पडलेले बिब्बे गोळा केले.

"कच्चेच फोडतो. बाया उगाच भेतात याले. नाही का?"

रंजीताला सारं ठाऊक होतं. बिब्बा आधी विस्तवात भाजून त्याचं तेल जाळावं लागतं, मग हाताला राख चोळून फोडावा लागतो. कच्चं तेल लागलं तरी लगेच काही होत नाही. कातडी उतते ती दुसऱ्या दिवशी. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते तिने गिळलं.

दगडाखाली गोडंबीचा भुगा झाला. प्रज्वलने त्याच हाताने गालावरचा घाम पुसला आणि काळी बोटं कॅमेऱ्यापुढे नाचवली. "पाहा, झालं काही? सारी भीती मनाची असते."

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याचा फोन आला. "रंजीता, हाताले फोड आले. एक डोळा उघडत नाही. डॉक्टरच्या मलमानं आग थांबून नाही राह्यली. तुमी काय लावता?"

"सारं तुमीच शोधलं ना, भाऊ? व्हिडिओत पाहा."

"मजाक नको करू. जीव चालला माहा."

"नाही जात. माह्या याडीचा तीस वर्षांत नाही गेला."

"काय लावू ते सांग ना."

"लाइव्ह या. हात दाखवा. कोणापासून शिकलो ते नाव घेऊन सांगा. मंग सांगतो."

"या तोंडानं?"

"याच तोंडानं."

दुपारी तो लाइव्ह आला. तोंड सुजून ओळखू न येण्यासारखं. अडखळत म्हणाला, "हे सारं मले नानीबाईनं शिकवलं. मी तिचं नाव लपवलं. तिच्या हातावर हसलो, ते चुकलं." खाली हसणाऱ्यांची रांग लागली.

अंगणात बसलेल्या नानीबाईने आपलं नाव ऐकून मान वर केली. ती रंजीताच्या फोनकडे सरकली.

"खोबरेल लावाले सांग त्याले," ती म्हणाली. "लय आग होते बिब्ब्याची."

"सांगतो, याडी."

तेवढ्यात प्रज्वलचाच फोन आला. रंजीताने तो कापला आणि त्याचा माफीचा व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला.