वाटेवरचा डावा दिवा

"एक दिवा देवापाशी, एक दिवा वाटंवरी,
वाटंवरल्या दिव्या बाप्पा, माझा धनी आण घरी."

हा आवाज भीमाबाईचा. फार वर्षांपूर्वी ऐकलेला. तेव्हा तिच्या हातातला हिरवा चुडा नवा होता आणि मीही नवा होतो. जीप दारात आली त्या दिवशी तिने ताटातलं कुंकू बोटावर घेऊन माझ्या काचेच्या मधोमध टेकवलं आणि वाकून एवढंच गुणगुणली. दारात माणसं उभी होती, तिला लाज वाटली असावी. पण काचेजवळ ओठ नेऊन बोललेलं काच विसरत नाही.

मित्रांनो, मी एका जुन्या जीपचा डावा दिवा आहे. दिवा म्हणजे बल्ब, असं तुम्हाला वाटत असेल. बल्ब हा माझ्याकडे येणारा पाहुणा. आज आहे, उद्या जळून जाईल. मी म्हणजे पुढची जाड गोल काच आणि तिच्यामागची चांदीसारखी वाटी. पाहुणा पेटतो, वाटी त्याचा उजेड ओंजळीत धरते आणि काच तो रस्त्यावर अंथरते.

माझा उजवा भाऊ रस्त्याच्या मध्यावर बघतो. समोरून कोण येतंय ते त्याचं काम. माझ्या वाट्याला कडेची माणसं आली. सायकल ढकलत चाललेला कुणी, गवताचा भारा घेतलेली बाई, कळपातून मागे राहिलेली शेळी. ही सगळी माझी माणसं.

आमच्या मालकाचं नाव गोरखनाथ. भीमाबाईचा नवरा. आमच्या वस्तीतून तिसगावला, तिसगावहून पाथर्डीला, अशी माणसं नेणं-आणणं हा त्याचा धंदा. तिन्हीसांज झाली की तो बटण ओढायचा. आम्ही दोघे भाऊ पेटायचो. मग गोरखनाथ स्टिअरिंगवरचा हात आधी छातीला आणि मग कपाळाला लावायचा. घरात दिवा लागल्यावर करतात तसा नमस्कार. त्याचं पाहून मागची माणसंही हात जोडायची. तेवढ्यापुरतं बोलणं थांबायचं, भांडण चालू असेल तर तेही थांबायचं. नमस्कार झाला की भांडण पुढे चालू. मला मोठी गंमत वाटायची.

दिवाळी सरली की आमच्याकडची धडधाकट माणसं ऊसतोडीला जातात. ट्रॅक्टरच्या मागे संसार बांधतात, वर कोंबड्यांची डालगी ठेवतात आणि निघतात ते पार उन्हाळ्यात परततात. मागे उरतात म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं. जाता जाता जो तो आमच्या जीपपाशी थांबायचा.

"गोरखदादा, आई हाय मागं. कवा काय झालं तर तुझीच गाडी."

"जा निवांत," गोरखनाथ म्हणायचा. आणि तो शब्द त्याने कधी खाली पडू दिला नाही. कुणाचा दमा उसळला, कुणाच्या सुनेला कळा लागल्या, की आम्ही दोघे भाऊ पेटायचो.

असंच मागे राहिलेलं एक माणूस म्हणजे लंकाबाई. तिची दोन्ही मुलं तोडीला. ती तिसगावच्या बाजारात गावरान अंडी विकायची. टोपली मांडीवर घेऊन मधल्या शिटावर बसायची आणि सगळ्या गाडीची फिरकी घ्यायची.

वर्षं गेली. रस्त्याची धूळ, उडणारी खडी यांनी माझ्या काचेवर बारीक चरे पडले. वाटी काळवंडली. उजेड थकून माझ्या पायापाशीच पडू लागला. तेव्हा गोरखनाथ मला तिसगावच्या कल्याणकडे घेऊन गेला. कल्याण गाड्यांची वायरिंग करतो. त्याने माझी काच घासून चकचकीत केली, वाटी नवी घातली आणि नवा बल्ब बसवला. त्या संध्याकाळी माझा उजेड दूरच्या बाभळीपर्यंत गेला.

"गाडीनं चष्मा लावला का काय रं?" लंकाबाई म्हणाली. सगळे हसले. मी पुन्हा तरणा झालो होतो.

पण वर्ष सरायच्या आत गोरखनाथ परत कल्याणच्या दुकानापुढे उभा. "उजेड कमी पडतोय. याच्यापरीस मोठा बल्ब न्हाई का?"

कल्याणने मला भिंतीवर पेटवून पाहिलं. "तात्या, भिंतीवरचा खिळा न् खिळा दिसतुया."

"तुला दिसतोय," गोरखनाथ म्हणाला आणि पुढचं त्याने गिळलं.

मित्रांनो, उजेड कमी नव्हता. काय कमी होतं ते मला रोज सकाळी कळायचं. कारण रोज सकाळी तो फडकं घेऊन माझ्यापुढे उकिडवा बसायचा. त्याच्या डोळ्यांतल्या काळ्या बाहुलीवर, तापवलेल्या दुधावर धरते तशी साय धरू लागली होती. पुसलेली काच तो पुन्हा पुसायचा, मान तिरकी करून बघायचा आणि परत पुसायचा. धुकं माझ्यावर नव्हतंच.

त्यालाही ते ठाऊक होतं. एकदा फडकं पिळता पिळता तो माझ्याशीच बोलला. "एवढा सीझन निघू दे रं. माणसं आली की बघू. आत्ता मी घरी बसलो, तर या म्हाताऱ्यांना न्यायचं कुनी?" हे त्याने भीमाबाईला सांगितलं नाही, कुणालाच सांगितलं नाही. दिव्याला तोंड नसतं, म्हणून मला सांगितलं. असे सीझन येत गेले, जात गेले.

गाडीत त्याने नवा कायदा काढला. आपापला थांबा आपण सांगायचा.

"लंकामावशे, तुझी चिंच आली का बघ."

"तुला दिसंना व्हय?"

"मला दिसतीया. तू जागी हायस का ते बघतोय."

गाडी हसायची. लंकाबाई अंडी सावरत त्याला दोन शिव्या हासडायची. गोरखनाथही हसायचा, पण त्याची मूठ स्टिअरिंगवर आवळलेली असायची.

मग आले पांढरे बल्ब. त्याने हट्टच धरला, तेव्हा कल्याणने बसवून दिले. तो उजेड म्हणजे चुन्याची फक्की उधळावी तसा. माझी वाटी त्या पाहुण्यासाठी घडवलेली नव्हती. तिला तो आवरेना, उजेड वाट्टेल तिकडे सांडायला लागला. समोरून येणारे आपले दिवे उघडझाप करून रागवायचे. भारा घेतलेली बाई पदर डोळ्यांवर ओढून थांबायची. ज्यांना मी वाट दाखवायची, ती माणसं मला बघून पाठ फिरवू लागली.

एकदा समोरून येणारी बैलगाडी बुजली. एक चाक कडेच्या चारीत, खोल चरात गेलं. गाडीवान खाली उतरून म्हणाला, "पाव्हणं, सूर्य बांधून हिंडता का? बैलांचं डोळं घेता का आता?"

गोरखनाथ खाली उतरला, चाकाला खांदा दिला, गाडी वर काढून दिली. दुसऱ्याच दिवशी पांढरे बल्ब निघाले. पण त्यांच्या जागी त्याने दुप्पट ताकदीचे पिवळे बल्ब मागितले.

"तात्या, तारा जुन्या हायत," कल्याण म्हणाला. "एवढी ताकद त्यांना सोसायची न्हाई. आधी जाड तार ओढू."

"बाजार झाल्यावर ओढ. आत्ता बल्ब तेवढा घाल."

ते बल्ब फार तापायचे. पहिल्याच संध्याकाळी माझ्या काचेला हात लावून बघताना गोरखनाथाचं बोट पोळलं.

आणि मग बाजाराचा दिवस आला. परतताना भीमाबाई पुढच्या शिटावर बसली होती, मागे लंकाबाई आणि वस्तीतली म्हातारी मंडळी. सूर्य बुडाला. आभाळात थोडा उजेड होता, रस्त्यावर उरला नव्हता. गोरखनाथाने बटण ओढलं.

आम्ही पेटलो नाही. आदल्या संध्याकाळच्या तापाने बटणामागची तार वितळून तुटली होती.

गोरखनाथाने हात छातीला लावला, कपाळाला लावला. मागच्या माणसांनी न बघताच सवयीने हात जोडले. भीमाबाई मात्र समोर बघत होती. तिचे हात जोडायचे राहिले. आता म्हणतील, दिवे लागले नाहीत. आता म्हणतील, म्हणून ती वाट बघत राहिली.

"बघ," गोरखनाथ तिला म्हणाला, "कसा लख पडलाय उजेड."

पुढे डाव्या कडेने तीन शाळकरी पोरी दप्तरं पाठीला लावून चालल्या होत्या. ऊसतोडीला गेलेल्यांच्याच पोरी. माझी माणसं. आणि मी विझलेला. मित्रांनो, त्या क्षणी काचेला कंठ फुटावा असं मला वाटलं.

"थांबवा गाडी," भीमाबाई म्हणाली. "मला मळमळतंय."

गाडी थांबली. पोरी आपल्याच नादात हसत पुढे निघून गेल्या.

भीमाबाई उतरली आणि माझ्यापुढे आली. जिथे तिने कधीकाळी कुंकू टेकवलं होतं, तिथे तिने तळवा ठेवला. गोरखनाथ मागोमाग आला.

"काय हुतंय? पानी देऊ का?"

त्याचा हात धरून तिने माझ्यावर ठेवला.

काच गार होती.

"म्या तर नमस्कार केला," तो हळूच म्हणाला.

"व्हय. म्या बघितला."

मित्रांनो, इथे जरा थांबतो. पुढे सगळं नीट झालं हे आधीच सांगून टाकतो, उगीच तुमचा जीव टांगणीला नको. त्या संध्याकाळी कल्याणने येऊन गाडी वस्तीवर नेली. गोरखनाथाच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आधी एका डोळ्याचं, मग दुसऱ्याचं. तोवर म्हाताऱ्या माणसांची ने-आण कल्याणने केली. माझ्यात आता साधा, बेताचा बल्ब आहे, मागे नवी जाड तार आहे. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर गोरखनाथ फडकं घेऊन माझ्यापुढे बसला आणि म्हणाला, "आयला, एवढे चरे कवा पडले रं तुला?" तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा गौरव.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. दिवे मंद वाटले तर आधी काच पुसा, तारा बघून घ्या. नवा बल्ब घालायचा तर माझ्या वाटीला आवरेल असाच घाला, आणि समोरून येणाऱ्यालाही डोळे आहेत हे विसरू नका. पण घरातलं एखादं माणूस वरचेवर म्हणू लागलं की हल्ली दिवे नीट पेटत नाहीत, तर दिव्याला दोष देण्याआधी त्या माणसासमोर बसा. त्याच्या डोळ्यांत बघा. त्याने सांगायची वाट बघू नका, कारण ज्याच्यावर सगळी वस्ती टेकलेली असते त्याला सांगणं फार जड जातं.

आता शेवटचे शब्द माझे नकोत. ते ज्याचे आहेत त्याचे त्याला देतो.

त्या बाजारच्या संध्याकाळी, माझ्या गार काचेपाशी, ती दोघं आणि मी असे आम्ही तिघे तसेच अंधारात होतो. गाडीतून लंकाबाई ओरडली, "काय झालं रं गाडीला? हितं अंड्यांतून पिल्लं निघायची येळ आली."

"काय न्हाई मावशी," भीमाबाई घाईने म्हणाली. "वायर जळली जनू."

तिने त्याला झाकलं. त्यानेही झाकून घेतलं असतं, तर कुणाला काही कळलं नसतं. त्याने खांद्यावरचा टॉवेल काढून सवयीने माझी काच पुसली. मग तो माणसांकडे वळला.

"वायर जळली हे खरं हाय. ती कल्याण जोडंल," गोरखनाथ म्हणाला. "पर मला दिसत न्हाई, मावशे. लई दिस झालं, मला दिसत न्हाई."