सर, तुमचे कान शाबूत आहेत

मी पियानो बोलतोय. कतारमध्ये, दोह्याच्या 'द पर्ल' वस्तीत, अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटात, भिंतीला पाठ लावून उभा आहे. बोलतोय म्हटलं खरं, पण आमची जात मोठी लाचार. कुणी बोट ठेवल्याशिवाय आम्हाला ब्रसुद्धा काढता येत नाही.

माझा जन्म जर्मनीतला. एकहार्ट झायलर नावाच्या तरुण संगीतकाराने मला घरी नेलं. तेव्हाचं त्यांचं संगीत म्हणजे लग्नघर! दोन्ही हात, सगळ्या पट्ट्या, सगळे एकदम बोलतायत. टाळ्यांचा कडकडाट व्हायचा आणि इकडे माझ्या तारा तुटायच्या. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला सांगू?

मग त्यांची बायको उर्सुला गेली. संगीत चिडकं झालं. सूर एकमेकांच्या अंगावर धावून जायचे. लोक कार्यक्रम अर्ध्यावर सोडून उठत, आणि साहेब मात्र मान खाली घालून वाजवत राहत. ती वर्षं मी कशी काढली, माझं मला ठाऊक.

पुढे ते इथे शिकवायला आले आणि मलाही जहाजातून आणलं. इथे आल्यावर त्यांनी सूर काढून टाकायला सुरुवात केली, तांदळातले खडे निवडावेत तसे. एक सूर लावायचा आणि तो पुरता विरेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसायचं. त्यांचा ड्रायव्हर मुदस्सिर, रत्नागिरीकडचा, त्याला पहिल्यांदा वाटलं की सर पुढचं विसरले. बिचारा दारात काळजीने उभा! पण खरं सांगतो, माझं सगळ्यात सुंदर वाजणं ते होतं. त्या शांततेत माझं लाकूड कसं घुमायचं, ते मलाही तोवर माहीत नव्हतं.

उर्सुलासाठी ते एक रचना करत होते. शेवटचा भाग तेवढा राहिला होता, आणि आजार निघाला. उपचारासाठी जर्मनीला जायचं ठरलं. फोनवर डॉक्टरांनी बजावलं की औषधांनी कानांवर परिणाम होऊ शकतो. फोन ठेवून त्यांनी त्या रचनेचा पहिला सूर लावला आणि तो पुरता विरेपर्यंत ऐकला. मग मुदस्सिरच्या हातात किल्ली देऊन म्हणाले, "घर सांभाळ. आलो की शेवट लिहितो."

मुदस्सिरने घर सांभाळलं, अगदी स्वतःचं असल्यासारखं. आधी तो इथल्याच अल दुहैल वस्तीतल्या एका कोकणी कुटुंबाची गाडी चालवायचा. ते सुट्टीत गावी निघाले की मेन स्विच खाली पाडूनच दाराला कुलूप लावत. बंद घरात वीज चालू ठेवणं म्हणजे आगीला आमंत्रण, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. रत्नागिरीहून बायकोचा, रुकैयाचाही फोन: "मेन बंद केलंव ना? लोकाचं घर आहे हो!" त्याने मेन बंद केला, वर मला प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलं.

कतारचा उन्हाळा, समुद्राकाठची दमट हवा आणि एसीविना बंद फ्लॅट! घामाने भिजल्यासारखा मी आतून फुगत गेलो. साहेब यायच्या आधी, त्यांना गारवा मिळावा म्हणून, त्याने मेन चालू केला आणि एसीचं तापमान एकदम खाली आणून ठेवलं. फुगलेलं लाकूड झरझर सुकलं, आणि माझ्या पोटातली आवाजाची फळी मधोमध चिरली. सगळं प्रेमाने झालं. रागवावं तरी कुणावर?

साहेब आले, खूप वाळलेले. हातसुद्धा न धुता माझ्यापाशी बसले आणि तो पहिला सूर लावला. मी जीव तोडून प्रयत्न केला हो! पण खरखर आली, सूरही उतरलेला. त्यांनी पुन्हा लावला, पुन्हा तेच. चेहरा पांढरा पडला.

"मुदस्सिर, पियानो कसा वाजतोय? खरं सांग."

मुदस्सिरने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग हसून म्हणाला, "फर्स्ट क्लास, सर! सेम लाइक बिफोर."

त्या संध्याकाळी तो स्वयंपाकघरातून रुकैयाला सांगत होता, "आवाज खरखरतोय गो. पन आजारी मानसाला कशाला वाईट सांगू? वल्ला, तोंड बघवत नव्हतं."

दुसऱ्या दिवशी त्याचं त्यालाच राहवेना. भीतभीत म्हणाला, "सर, आय कॉल ट्यूनिंग मॅन?"

साहेब म्हणाले, "कशाला? पियानो तर ठीक आहे, तूच सांगितलंस. बिघडलेत ते माझे कान." मुदस्सिर स्वयंपाकघराकडे वळला. काल दिलेला शब्द आज कसा फिरवायचा, हा त्याचा पेच. त्या दिवसापासून झाकण बंद. शेवट लिहिला गेला नाही.

आज साहेब कायमचे निघाले. मला इथेच ठेवून, घरमालकाच्या स्वाधीन करून. निघताना त्यांनी झाकणावर तळहात टेकवला आणि हळूच म्हणाले, "माफ कर मला. तू नेहमीसारखाच बोलतोयस, मलाच ऐकू येत नाही."

मला! माझी माफी मागितली त्यांनी! आणि मी लाकडासारखा उभा राहिलो, कारण मी लाकूडच आहे.

आत्ताच लिफ्टचं दार मिटलं. गाडीला विमानतळ गाठायला अजून वेळ लागेल. मुदस्सिर, बाबा रे, तू भला माणूस आहेस. आज थोडा वाईट हो. सिग्नलला गाडी थांबली की मागे वळ आणि सांग त्यांना, की फुटलाय तो पियानो.